प्रांजलचा टच

"हिच्या बोलण्याचं एवढं मनावर घेऊ नका. हिची आई झाडूवाली होती. लहानपणी शाळेत हिच्याकडून वर्ग झाडून घ्यायचे. ते अजून हिच्या मनात बसलंय. म्हणून हिला जिथेतिथे तेच दिसतं."

हे मी तिथे बसलेली असताना. माझ्याबद्दल. माझ्यासमोर.

बोलणाऱ्या शुभदाताई, आमच्या शाळेच्या प्रिन्सिपल. ऐकणाऱ्या तीन आया, दुसरीच्या वर्गातल्या मुलांच्या. तिघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे. मग छातीवरच्या बिल्ल्याकडे, जिथे माझं आडनाव लिहिलेलं होतं.

एकजण म्हणाली, "ओह."

बस, एवढंच. त्या ओहमध्ये सगळं आलं. आमची वस्ती आली, आमची जात आली, माझी डिग्री खोटी ठरली, आणि त्यांची मुलं माझ्या खोलीत येऊन काय काय घेऊन गेली असतील याची किळसही आली.

  अपमान मला नवीन नव्हता. पण ती गोष्ट मी उभ्या जगात एकाच माणसाला सांगितलेली. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच नाही. फक्त ताईंना.

*

मी त्या शाळेत काउन्सेलर होते. ठाण्यात, बाळकुमच्या टॉवरांमधली इंग्रजी शाळा. माझ्याकडे पहिली ते चौथीची मुलं.

एवढ्याशा पोरांना कसलं टेन्शन, असं आमच्या घरचेही विचारायचे. असतं. आईबाबा भांडले की असतं. घरात बाळ आलं की असतं. बाकावरच्या मैत्रिणीने जागा बदलली की असतं. फक्त सहा-सात वर्षांच्या मुलाकडे त्याला शब्द नसतो. मग ते पोट दुखतंय म्हणतं. चावतं. पेन्सिली मोडतं. मी त्याला शब्द शोधून द्यायचे. राग आला. भीती वाटली. एकटं पडल्यासारखं झालं. शब्द सापडला की मूल अर्धं मोकळं होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं, मग डोळ्यांनी बघितलं. माझी खोली जिन्याखाली होती. मुलं तिला फीलिंग रूम म्हणायची आणि मला फीलिंगवाली टीचर.

मला तिथे ताईंनीच घेतलं. त्या नौपाड्यातल्या. स्वच्छ पुस्तकी मराठी, सुती साड्या, आवाज कधी चढायचा नाही. इंटरव्ह्यूला माझ्यापेक्षा फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्या मुली आलेल्या. ताई म्हणाल्या, "मला मुलांचं मन कळणारी मुलगी हवी आहे. बाकीचं मी शिकवीन." आणि त्यांनी शिकवलं. खोटं कशाला बोलू? शाळेत सगळे त्यांना मॅम म्हणायचे. मला म्हणाल्या, "तू ताई म्हण."

शुक्रवारी शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनमध्ये जायची. त्यांनी स्वतः मानसशास्त्र केलेलं. कुठलं मूल काय बोललं, मी काय करतेय, ते त्यांना सांगायचं. त्या सल्ला देणार. आणि ते त्या खोलीच्या बाहेर जाणार नाही. हा नियम त्यांनीच केलेला. चांगला नियम होता. या कामात असा वरचा माणूस लागतोच. नाहीतर आपण एकटेच मुलांचं दुःख उरावर घेऊन फिरतो.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "तू या कामात का आलीस गं?"

मी सांगून टाकलं.

कल्याणला, चौथीत. साहेब तपासणीला येणार होते. आमच्या बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली. "तू ऊठ. तुझ्या आईचं कामच आहे ते. तुला छान येत असेल." आई पालिकेत सफाई कामगार. पहाटे आमच्याच भागातले रस्ते झाडायची, सगळ्या पोरांना माहीत होतं. पोरं हसली. मी झाडलं. कोपरेसुद्धा काढले. बाई म्हणाल्या, शाबास. ती शाबासकी मला हसण्यापेक्षा जास्त लागली. पुढे वर्षभर वर्ग झाडायचा म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघायचे. मी घरी बोलले नाही. आई दमून आलेली असायची. तिला काय सांगू, की तू जे करून मला शिकवतेस तेच मला शिक्षा म्हणून देतात? शाळेत सांगावं असं कुणी नव्हतं. एक माणूस असता, एक, जो म्हणाला असता की तुझं काही चुकलेलं नाही, तर मी एवढी वर्षं मान खाली घालून चालले नसते.

म्हणून मी या कामात आले.

ताईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. आता हे ओझं तुझं एकटीचं नाही."

मी त्या दिवशी हलकी होऊन घरी गेलेली. खूप वर्षांनी.

*

प्रांजल माझ्याकडे आली ती हात धुते म्हणून.

तिच्या क्लासटीचरने शाळेतल्या मदतनीस मावशीबरोबर पाठवलेलं. निरोप असा, की ही सारखी वॉशरूमला जाते, तिथे टाइमपास करते. मी तिचे हात बघितले. बोटांच्या पेरांवरचं कातडं निघालेलं. मधे मधे लाल चिरा. सात वर्षांच्या मुलीचे हात.

प्रांजल राखीव जागेवर आलेली. गरीब घरच्या मुलांना अशा शाळांत कायद्याने ज्या जागा ठेवाव्या लागतात, त्यातली. बाप खोपटच्या एसटी डेपोत गाड्या धुतो. आई सविता, शाळेला लागून जे टॉवर आहेत तिथे घरकाम करते. राहायला बाळकुम गावातच, टॉवरांच्या मागच्या चाळीत.

पहिल्या खेपेला ती काही बोललीच नाही. दोन्ही हात काखेत घालून बसली. मी विचारलं नाही. लहान मुलाला 'का' विचारलं की त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलंय. मी आपली बाजूला बसून रंग भरत राहिले. माझ्याकडे हातात घालायचं एक कासव होतं, जुन्या मोज्याचं केलेलं. ते घाबरलं की आत जायचं. बाकीची मुलं त्याला बाहेर काढायला धडपडायची. प्रांजल लांबून बघत राहिली. पुढच्या खेपेला म्हणाली,

"टीचर, कासवाला हात लावू?"

"लाव की."

"पण त्याला लागेल ना."

"काय लागेल?"

"माझा टच."

मी कासव तिच्यापुढे धरलं. तिने मग कासवाला सांगितलं. मला नाही, कासवाला. शाळेत एक खेळ आहे. त्याचं नाव प्रांजलचा टच. ज्याला तिचा हात लागेल त्याला टच लागला. त्याने तो पळत जाऊन दुसऱ्याला पुसायचा. दुसऱ्याने तिसऱ्याला. बेल झाली की ज्याच्याकडे राहिला तो हरला.

हे ती कशी सांगत होती? तक्रार म्हणून नाही. लंगडीचे नियम सांगावेत तशी.

मी कासवाच्या आवाजात विचारलं, "आणि तू? तू खेळतेस?"

"नाही. माझाच टच आहे ना."

मी आजही त्या वाक्यावर अडते.

हात धुतल्यावर जातो का, कासवाने विचारलं. ती म्हणाली, "रिया म्हणते नाही जात. तिच्या घरी माझ्या मम्मीचा कप पण वेगळा आहे."

रिया तिच्याच वर्गातली. सविता ज्या घरांत काम करायची त्यातलं एक घर रियाचं. खेळ रियाने सुरू केलेला. पण रिया वाईट मुलगी नव्हती. सात वर्षांचं मूल वाईट नसतं. घरी जे डोळ्यांना दिसतं त्याचं ते खेळ करतं, तेवढंच.

मी कुणाला शिक्षा करा म्हटलं नाही. शिक्षेने खेळ शौचालयामागे जातो, थांबत नाही. मी क्लासटीचरकडून रोजचा थोडा वेळ मागून घेतला आणि सगळा वर्ग गोल बसवला. कुणाचं नाव नाही. प्रत्येकाने सांगायचं, मला एकटं कधी वाटतं. एकजण म्हणाला, डॅडी टूरवर गेले की. रिया म्हणाली, मम्मी फोनवर असते तेव्हा. प्रांजलने मान हलवली फक्त. चालेल, म्हटलं. मग एका परातीत कणीक घेतली आणि सगळ्यांना हात घालायला लावला. एकाच परातीत, एकदम. आधी ई, छी झालं. मग पीठ लोकांच्या नाकाला लागलं आणि हसू आलं. कुणाचा हात कुठला, कळेना. डबा खायच्या सुट्टीत मी प्रांजल, रिया आणि अजून एका मुलाला माझ्या खोलीत बोलवायला लागले. एकत्र खा, गप्पा मारा, मी मधे नाही. त्यांचं जमलं. प्रांजलने आणलेला घावन रियाने अर्धा खाल्ला.

प्रांजलचे हात भरत आले. ती कासव स्वतःच्या हातात घालायला लागली. त्याला बाहेर काढून म्हणायची, "चल रे, कोण नाय काय करत." एकदा मधल्या सुट्टीत मैदानात मी तिचं हसू ऐकलं. त्या पोरीला एवढा मोठा आवाज आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

हे सगळं मी दर शुक्रवारी ताईंना सांगत होते. नियमाप्रमाणे. खेळ, कासव, वेगळा कप, सगळं. ताई म्हणाल्या, "सुंदर काम करते आहेस."

मग रियाने मला विचारलं, "टीचर, आम्ही सविता मावशीचा कप वेगळा का ठेवतो?"

मी म्हटलं, "ते तू मम्मीला विचार."

तिने विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी रियाची आई ताईंच्या केबिनमध्ये. किती वेळ बसली, काय बोलली, मला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं गेटवर.

शाळा सुटायची वेळ. सविता गेटला एका बाजूला उभी. एरवी मला बघून हसायची. त्या दिवशी सरळ अंगावर आली. आवाज मात्र खाली.

"माझ्या पोरीने तुम्हाला विश्वासाने सांगितलं ना? मग तुम्ही रियाच्या मम्मीला जाऊन का सांगितलंत?"

"मी नाही सांगितलं."

"शब्द न् शब्द बोलून दाखवला तिने मला. म्हणे तुझी मुलगी शाळेत आमच्या घरातल्या गोष्टी करते. कपाचं काढलं. त्या तुमच्या कासवाचंसुद्धा काढलं. उद्यापासून येऊ नको म्हणाली. आणि बाजूच्या दोन घरांनीपण बंद केलं. एकाच दिवशी."

 कासव माझ्या खोलीत होतं. प्रांजलने त्याला काय सांगितलं ते मला माहीत होतं, आणि अजून एका माणसाला.

सविताच्या मागे प्रांजल उभी होती. मी खाली वाकले. ती मागे सरली. म्हणाली,

"टीचर, तुम्ही सांगितलंत."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. वर्गातही नाही. सात वर्षांच्या मुलीने एकदा तोंड उघडलं आणि तिच्या आईचं काम गेलं. त्यातून जे शिकायचं ते ती शिकली. हात पुन्हा काखेत गेले.

मी तशीच वर ताईंकडे गेले. दार न वाजवता.

"ताई, तुम्ही सांगितलंत?"

त्या चष्मा पुसत होत्या. "पालकांना विश्वासात घ्यावं लागतं. एकतर्फी चालत नाही ना."

"आणि प्रांजलच्या विश्वासाचं काय?"

"मूल विसरतं गं. मोठी माणसं विसरत नाहीत." मग म्हणाल्या, "शुक्रवारी मी त्या पालकांना बोलावलंय. गैरसमज दूर करू. तू ये. शांतपणे बोल."

मी गेले. मला खरंच वाटलं, गैरसमज दूर होणार आहे. ताई आहेत. ताई मला ओळखतात.

मीटिंगमध्ये रियाची आई म्हणाली, "आमच्या मुलांना गोल बसवून तुम्ही त्यांच्या डोक्यात हे काय भरवताय? मुलं मुलांसारखी खेळतात. त्यात जातपात कुठून आली?"

मी म्हटलं, "मी जातीचा शब्दही काढलेला नाही. मुलं एका मुलीचा स्पर्श पुसून टाकायचा खेळ खेळतात. तो थांबायला हवा. त्यात रियाचंही भलं आहे."

तेव्हा ताई बोलल्या. जे मी सुरुवातीला सांगितलं ते. हिची आई झाडूवाली होती. अगदी मऊ आवाजात. एखाद्या पेशंटबद्दल नातेवाइकांना सांगावं तसं.

माझं सगळं आयुष्य त्यांनी एका वाक्यात आजार करून टाकलं. मी जे बघितलं ते खरं नाही. कारण ते मी बघितलं.

*

आया गेल्या. ताईंनी मला थांबवून घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुला वाचवलं."

"वाचवलं?"

"त्या तुला काढा म्हणत होत्या. आता त्यांना तुझी दया आली. राग गेला. तुला नाही कळणार, मी अशी माणसं वर्षानुवर्षं हाताळतेय."

 त्या मनापासून बोलत होत्या. हेच तर भयानक होतं. त्यांना वाटत होतं, त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. त्या शुक्रवारी त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणीसुद्धा खरंच होतं. माझं रडणं त्यांना चालत होतं. माझं म्हणणं चालत नव्हतं.

"आता एक कर," त्या म्हणाल्या. "प्रांजलबद्दल तुझा अभिप्राय दे. तिला इथलं वातावरण मानवत नाही, बोलत नाही, तिला वेगळ्या शाळेची गरज आहे. आपण तिला काढत नाही आहोत, लक्षात घे. पालक स्वतःहून नेतील. तू त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतील ते. तू त्यांच्यातलीच आहेस."

राखीव जागेवरच्या मुलाला शाळेला काढता येत नाही. म्हणून हा रस्ता. मुलीला आधी गप्प करायचं. मग म्हणायचं, ही बोलत नाही. आणि त्याच्यावर काउन्सेलरची सही. माझी.

मी म्हटलं, "नाही लिहिणार."

"नीट विचार कर."

"केला. ती बोलत होती. तिला आपण गप्प केलं. मी लिहिलं तर हे लिहीन."

ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी तुला मुलीसारखं वागवलं."

"स्वतःच्या मुलीचं असं चारचौघांत कुणी काढत नाही."

"मी तुला इथे उभं केलं. विसरू नकोस."

"मी उभी होतेच. तुम्ही खुर्ची दिलीत. ती घ्या परत."

  चौथीतल्या त्या बाईंना मी जे म्हणाले नव्हते ते तोंडातून बाहेर पडत होतं, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, "आणि एक. माझी आई झाडूवाली होती नाही. आहे. अजून दोन वर्षं नोकरी आहे तिची. सांगायचं तर नीट सांगा."

मी बाहेर आले. स्टाफरूमचं दार उघडंच होतं. सगळ्यांनी ऐकलेलं. कुणीही मान वर केली नाही. सगळ्या टीचर वह्या तपासत होत्या.

*

रविवारी मी बाळकुमला सविताच्या घरी गेले. तिने आत ये म्हटलं नाही, दारातून बाजूला मात्र झाली. प्रांजल कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसलेली. माझा आवाज ऐकून वळली नाही.

ताईंचा फोन येऊन गेला होता. तुमची मुलगी इथे कोमेजतेय, जवळच्या मराठी शाळेत टाका, तिथे ती रमेल, मी स्वतः मदत करीन. प्रांजलच्या बापाला पटलेलं. कशाला मोठ्या लोकांशी वाकडं, असं त्याचं म्हणणं.

मी सांगितलं की काढू नका. ते तिला काढू शकत नाहीत, म्हणून तुमच्याकडून काढून घेतायत.

सविता म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही आज आहात उद्या नाही. आम्हाला इथेच राहायचंय. ह्याच टॉवरांत काम शोधायचंय. माझी पोर रोज त्या वर्गात जाऊन बसणार, तुम्ही नाही."

बरोबर होतं तिचं.  मी कॉटजवळ गेले. हात लावला नाही. म्हटलं, "प्रांजल, तू मला सांगितलंस ते मी मोठ्या मॅमना सांगितलं, कारण मला त्यांना विचारायचं होतं की तुला मदत कशी करू. त्यांनी ते बाहेर सांगितलं. त्यांनी चुकीचं केलं. तू खरं बोललीस. आईचं काम तुझ्यामुळे गेलं नाही."

ती ऐकत होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं. वळली नाही. मी थांबले. तरी नाही वळली. ठीक आहे. मूल माफ करायला बांधलेलं नसतं.

मी निघाले. चपला घालताना सविताने मागून विचारलं, "ते खरं का? शाळेत तुमच्याकडून झाडून घ्यायचे?"

म्हणजे टॉवरांमध्ये तेही पोचलेलं.

"खरं."

"मग तुमच्या आईने शाळा नाय बदलली तुमची?"

"आईला माहीतच नव्हतं. मी सांगितलं नाही."

 आत कुकरची शिट्टी झाली, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला तर माहीत आहे ना," ती म्हणाली. "माझ्या पोरीने सांगितलंय. मग सगळं माहीत असून मी तिला उचलून न्यायची काय? आणि तो खेळ तसाच ठेवून?"

नवऱ्याला तिने काय सांगितलं मला माहीत नाही. सोमवारी ती प्रांजलला घेऊन शाळेच्या गेटवर आली. वेणी घट्ट घातलेली. वॉचमन म्हणाला, मॅमना भेटून घ्या. ती म्हणाली, "मॅमना भेटायचं असेल तर त्या येतील खाली. मुलगी वर्गात चाललीय."

*

मला त्यांनी काढलं नाही. वर्षाचा करार संपेपर्यंत मी जात राहिले, नवा दिला नाही. अशी मोठी माणसं कधी कुणाला काढत नाहीत. दार लावून घेतात, आवाज न करता.

मी आणि सविताने शिक्षण खात्याकडे तक्रार केली. दोघींच्या सह्या आहेत. क्लासटीचरला विचारलं, तू बघितलंस ना तो खेळ, लिहून देशील? ती म्हणाली, "माझ्या घरी लोन आहे गं." दुसरी म्हणाली, मी तेव्हा रजेवर होते. नव्हती. मी त्यांच्यावर रागावत बसले नाही. तेवढा राग मला दुसरीकडे लागणार आहे.

सविताला आता त्या टॉवरांत काम मिळत नाही. लांब, माजिवड्याच्याही पुढे जावं लागतं तिला. मी शीळफाट्याजवळच्या एका शाळेत अर्धा दिवस जाते. तिथल्या मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, मुलाच्या जिवाला धोका असेल तर सांगेन, बाकी मुलं माझ्याशी काय बोलतात ते तुम्हाला मिळणार नाही. चालत असेल तर घ्या. ते गोंधळले. मग हो म्हणाले. ते हो किती टिकतं ते बघायचंय. त्यांच्या चांगुलपणावर मी काही सोडलेलं नाही. कुणाच्याच आता सोडत नाही.

मध्यंतरी ताईंचा मेसेज आला. झालं गेलं विसर. तक्रार मागे घे, दोघींची नावं खराब होतील. मी तुला चांगलं शिफारसपत्र देते. शेवटी, तुझी ताई.

मी उत्तर लिहिलं. माझं नाव खराब करायचं ते तुमचं करून झालंय. तक्रार राहणार.

प्रांजल त्याच शाळेत, त्याच मुलांत आहे. तिसरीत गेली. सविता सांगते, वर्गात अजून बोलत नाही, फक्त लिहिते. हात धुणं पुन्हा सुरू झालंय. रिया कधी कधी तिच्याजवळ येऊन बसते, मग कुणीतरी हाक मारून नेतं तिला. खेळ चालू आहे की नाही, कुणी सांगत नाही. विचारायला तिथे आता कुणी काउन्सेलर नाही. जागा भरली नाही त्यांनी.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तिथे म्हणतील, मुलीला आणा, ती काय सांगते ते ऐकू. मोठ्या टेबलापलीकडे बसून, गोड आवाजात. मला माहीत आहे कसं विचारतात ते. आणि शाळेचा वकील सांगेल की तक्रार करणारी बाई स्वतःच मनाने दुखावलेली आहे, तिची आई अमुक, तिची जात तमुक. सांगू दे. मी तिथे उभी राहणार. माझ्या नावाने, माझ्या आडनावाने.

प्रांजलला मात्र मी त्या टेबलासमोर उभं करू देणार नाही. तिने सांगायचं तेवढं एकदा सांगितलंय. आता बोलायचं काम मोठ्यांचं. माझं.